चौदा आणि सोळामधली भिंत

नळ सोडून गोडलीव्ह उभी राहिली. पाणी तिला नको होतं. भांडं भरायचं नव्हतं, हात धुवायचे नव्हते, फरशी तर कालच पुसून झाली होती. तरी सिंकपाशी उभी राहून ती पाण्याची धार नुसती वाहून जाताना बघत होती, आणि मनातल्या मनात मोठ्या बहिणीची माफी मागत होती. इर्माला पाणी वाया घालवलेलं मुळीच खपत नसे. भाजी धुतलेलं पाणी ती कुंड्यांना घालायची, आणि तेही जास्त पडलं तर हळहळायची.

"मीटर फिरायला पाहिजे गं," गोडलीव्ह मोठ्याने म्हणाली. "नाहीतर घर रिकामं आहे म्हणतील."

इर्माला जाऊन दुसरा हिवाळा चालू होता. तरी तिच्या या स्वयंपाकघरात गोडलीव्ह थोडं थांबूनच पुढचं वाक्य बोलत असे. समोरच्याला उत्तर द्यायला जागा ठेवावी तशी. आजही ती थांबली, मग नळ बंद केला, वर जाऊन संडासाची टाकी सोडली, खाली येऊन दिवा लावला आणि रस्त्याकडच्या खिडकीवरचं शटर दोरी ओढून खडखडाट करत वर घेतलं. तो खडखडाट ऐकून समोरच्या पंधरा नंबरातून ओडिलोनने हात केला. त्याने मुकाट्याने हात करावा आणि आत जावं, पण तसं त्याने जन्मात केलेलं नव्हतं. तो स्लिपर घातलेल्या पायांनी रस्ता ओलांडून आला.

बेल्जियममधल्या गेंट शहराच्या या भागातली घरं गिरणीच्या विणकरांसाठी बांधलेली. अरुंद, एकाला एक चिकटलेली, दोन घरांत मिळून एकच विटांची भिंत. गिरणीने घरं विकायला काढली तेव्हा गोडलीव्हच्या बापाने पोटाला चिमटा काढून शेजारशेजारची दोन घेतली, दोन मुलींना दोन. चौदा नंबरात गोडलीव्ह ट्राम चालवणाऱ्या आशिलशी लग्न करून राहिली. सोळा नंबरात इर्मा बिस्किटांच्या कारखान्यात नोकरी करत एकटी राहिली. आशिल गेला, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. इर्मा गेली, आणि बहात्तराव्या वर्षी गोडलीव्ह दोन घरांची मालकीण झाली. त्याचं तिला कौतुक नव्हतं.

शहराच्या पालिकेचं पत्र शरद ऋतूत आलं होतं. सोळा नंबरचं घर बराच काळ रिकामं दिसतं, तसंच राहिलं तर त्यावर रिकाम्या घरांचा कर बसेल, आणि पुढे दर वर्षी तो वाढत जाईल, असं त्यात होतं. गोडलीव्हने ते पत्र चष्मा पुसून पुन्हा वाचलं. तिला तो कर अन्यायाचा वाटण्याच्या आधी मुळात चुकीचाच वाटला. रिकामं? खुंटीवर इर्माचा कोट होता. रेडिओवर तिचा चष्मा होता. भिंतीला पाठ लावून ठेवलेली तिची खुर्ची होती, आणि तिच्यावर ती बसायची तिथला खड्डा अजून भरून आला नव्हता. ती खुर्ची हे एक कोडंच होतं. खिडकीतून सगळा रस्ता दिसायचा, पण इर्माने खुर्ची लावली होती ती दोन घरांच्या मधल्या भिंतीला, खिडकी सोडून. डोकं टेकून टेकून तिथला भिंतीवरचा कागद तेलकट पिवळा पडला होता.

"अगं लीव्ह, नळ सोडून काय होतंय?" ओडिलोनने आल्या आल्या दालचिनीचं बिस्किट उचललं. त्याने आयुष्यभर टपाल वाटलं होतं, त्यामुळे सरकारी पाकिटातलं सगळं आपल्याला न उघडता कळतं असा त्याचा समज होता. "पाणीबिणी नंतर बघतात ते. आधी बघतात कागद. या पत्त्यावर कोणाचं नाव आहे? कोणाचंच नाही. मग घर रिकामं! तू आपलं नाव घाल इथे."

"मी शेजारी राहते की रे."

"शेजारी म्हणजे कुठे? भिंतीपलीकडे! तिथून इथे यायला काय विमान लागतं?"

"म्हणजे खोटं सांगू?"

"खोटं कशाला? दिवसभर इथेच तर असतेस. झोप फक्त तिकडे. ती इकडे झोप, झालं."

"नाहीतर भाड्याने दे, असं सगळे म्हणतात."

"मग दे ना."

गोडलीव्हने खुंटीकडे पाहिलं. भाड्याने द्यायचं म्हणजे खुंटीवरचा कोट उतरवायचा, चष्मा डब्यात घालायचा, खुर्ची रस्त्यावर ठेवायची. दफनभूमीत माती लोटली तेव्हा ती रडली होती, पण इर्मा गेली असं तिला तिथे पटलं नव्हतं. या घरात परकं माणूस आलं की मात्र ते पटवून घ्यावं लागलं असतं. तिला नेमकी त्याचीच भीती वाटत होती. कर भरत राहणं निवृत्तिवेतनात बसणारं नव्हतं, आणि इर्माला पुन्हा एकदा बाहेर काढणं जिवावर येत होतं.

तिने ओडिलोनचं ऐकलं. एक माणूस एका वेळी एकाच पत्त्यावर राहू शकतो, ही गोष्ट शाळेत न गेलेल्या पोरालाही कळेल. पण त्या दिवशी कॉफीच्या टेबलावर ती दोघांपैकी एकालाही सुचली नाही.

पत्ता बदलला की वॉर्डाचा पोलीस घरी येऊन बघून जातो, माणूस खरंच तिथे राहतं की नाही. योरिस नावाचा तो पोलीस एका पावसाळी सकाळी आला. गोडलीव्हने आदल्या दिवशी आपला दात घासायचा ब्रश, औषधांची पिशवी आणि रात्रीचा झगा सोळा नंबरात आणून ठेवला होता. तो आला तेव्हा तिच्या अंगावर इर्माचा निळा एप्रन होता. तो तिने मुद्दाम घातला नव्हता, हाताशी होता म्हणून घातला होता.

"वर गेलो तर चालेल ना, मादाम?"

"जा की. बिछाना नीट घातलेला नाही, तेवढं बघू नका."

तो वर जाऊन आला. फ्रीज उघडून त्याने लोणी, दूध, अर्धं कापलेलं चीज पाहिलं. मग टोपी काखेत धरून तो दाराशी घुटमळला. त्याला मादामशी काहीतरी बरं बोलायचं असावं.

"एकट्याच असता?"

गोडलीव्हची नजर खुर्चीकडे गेली. "हो," ती म्हणाली. पण ते म्हणायला तिला जरा वेळ लागला, आणि योरिसनेही एकदा खुर्चीकडे पाहून घेतलं.

काम फत्ते झालं. ओडिलोनने त्या आनंदात सगळी बिस्किटं संपवली. पण पोलीस पुन्हा कधीही येईल या धाकाने गोडलीव्ह आता खरोखरच सोळा नंबरात झोपू लागली. आधी इर्माच्या पलंगाच्या कडेला, आपण पाहुणे असल्यासारखी. मग मधोमध. चौदा नंबरात ती काही आणायला तेवढी जायची. मोठं पातेलं, लोकरीचे मोजे, आशिलचा फोटो. प्रत्येक खेपेला तिथली हवा अधिक थंड लागायची. आपल्याच घराचं दार उघडताना ती हळूच "आहे का कोणी?" असं म्हणून गेली, तेव्हा ती उंबऱ्यावरूनच मागे फिरली. पुढे तिने तिथली शटरं खालीच ठेवली. थंडी आत यायला नको, असं स्वतःला सांगितलं.

सोळा नंबरात मात्र तिला सोबत असल्यासारखं वाटे. संध्याकाळी जिन्याची तिसरी पायरी कुरकुरायची, इर्मा खाली येताना कुरकुरायची तशीच. कॉफी दोन कप व्हायची. आरशासमोरून जाताना निळा एप्रन दिसला की ती "आलेच हं" म्हणून जायची, आणि मग आपण कोणाला म्हणालो ते आठवून खाली बसायची. तिला भीती वाटत नव्हती. उलट हे असंच राहावं, इतकंच तिला वाटत होतं.

आणि मग शहराचं दुसरं पत्र आलं.

"ओडिलोन!" रस्त्यातूनच तिने हाक मारली. "अरे, बाहेर ये! बघ तुझा पराक्रम!"

ओडिलोनने पत्र हातभर लांब धरून वाचलं. "चौदा नंबर रिकामं आहे म्हणतात."

"माझं घर! लग्न होऊन मी ज्या घरात आले ते!"

"पण लीव्ह," तो डोकं खाजवत म्हणाला, "तिथे आता कोणाचं नाव नाही."

"मला ते कळलं! आता कळलं!"

तिला हसू आलं, आणि ते अर्ध्यावर थांबलं. चौदा नंबरची खाली ओढलेली शटरं, दाराच्या फटीत अडकलेली जाहिरातींची भिजलेली पत्रकं ती पहिल्यांदाच रस्त्यावरून पाहत होती. शहराने काही चुकीचं लिहिलं नव्हतं. घर रिकामंच दिसत होतं. तिथे राहणारी बाई कुठे गेली, असं कोणी विचारलं असतं तर गोडलीव्हला पटकन सांगता आलं नसतं.

तपासनीस म्हणून नेले नावाची मुलगी आली. तिशीची, सायकलवरून, पावसात ओली झालेली. गोडलीव्हने तिला टॉवेल दिला, किल्ली दिली आणि म्हणाली, "तुम्हीच जाऊन बघा. माझा गुडघा दुखतो." गुडघा दुखत होता हे खरं. पण त्या थंड घरात परक्या माणसामागून हिंडायची तिला लाज वाटत होती.

नेले गेली. गोडलीव्हला उभं राहवेना म्हणून ती जवळच्या खुर्चीत बसली. इर्माच्या खुर्चीत. इतक्या महिन्यांत ती त्या खुर्चीत कधी बसली नव्हती. दमून तिने मान मागे टाकली आणि डोकं भिंतीला टेकलं, बरोबर त्या पिवळ्या डागावर.

पलीकडे दार उघडल्याचा आवाज आला. मग पावलं. नेले आधी पुढच्या खोलीत गेली, मग स्वयंपाकघरात. तिने कपाट उघडलं, त्याची बिजागरी किरकिरली. ती शिंकली. मग फोन वाजला आणि ती बोलू लागली, आणि शब्दन् शब्द या बाजूला आला. "हो गं आई... नाही, ताप उतरलाय... तू येशील ना संध्याकाळी? मला नाही जमत एकटीला... नाही, रडत नाहीये मी. सर्दी झालीय."

गोडलीव्हने खुर्चीचे हात घट्ट धरले.

जन्मभर ती समजत होती की भिंत जाड आहे. कारण पलीकडून तिला कधी काही ऐकू यायचं नाही. ते यायचं नाही, कारण इर्मा कधी आवाजच करायची नाही. एकटं माणूस, कोणाशी भांडणार, कोणासाठी रडणार? आणि गोडलीव्ह गमतीने म्हणायची, "काय गं, आमची तणतण ऐकू येते का तुला?" तेव्हा इर्मा म्हणायची, "छे! भिंत चांगली जाड आहे. मला काही ऐकू येत नाही."

तिला सगळं ऐकू येत होतं.

गोडलीव्हची मुलगी आठवडाही न काढता गेली, आणि पाळणा परत द्यायच्या दिवशी ती आशिलपासूनसुद्धा लपून, चादर तोंडात कोंबून रडली होती. पलीकडून याच भिंतीला लागून तिचा पलंग होता. दुसऱ्या दिवशी दुपारी इर्मा झाकण घातलेलं पातेलं घेऊन दारात. "सूप जरा जास्तच झालं." पुढे आशिलची ट्रामवरची नोकरी गेली आणि तो दारूला लागला, तो हिवाळा. भांडी फुटली त्याच्या दुसऱ्या दिवशी, "सूप जरा जास्तच झालं." मग त्याचा लांबलेला आजार, उशीत तोंड खुपसून काढलेल्या संध्याकाळी. दर वेळी सूप. लीकची पात, बटाटे, सेलरी, वर जायफळ. गोडलीव्ह आशिलला म्हणायची, "एकटीचा स्वयंपाक, पण हिला मेलीला अंदाज कसा तो येत नाही!" आणि दोघं हसायचे. ते हसणंही या खुर्चीपर्यंत आलंच असणार.

खिडकी सोडून ती इथे बसायची. रस्त्यात तिला बघण्यासारखं काही नव्हतं. तिची सगळी माणसं भिंतीच्या त्या बाजूला होती.

"अगं बाई," गोडलीव्ह म्हणाली, "अगं बाई, इर्मा." आणि ती रडली. हळू आवाजात रडायचं कारण नव्हतं, तरी सवयीने हळूच रडली.

नेले परत आली तेव्हा तिचे डोळेही लाल होते. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि त्याबद्दल काही विचारलं नाही. गोडलीव्हने कॉफी ओतली.

"मादाम, एक सांगा," नेलेने विचारलं. "तुम्ही राहता कुठे?"

"तेच मला कळेनासं झालंय."

"तुम्ही एक, घरं दोन. पत्ता फिरवत राहिलात तर कर नुसता या दारातून त्या दारात जाईल."

"बाई, मी काही घरं अडवून बसणारी श्रीमंत नाही हो. मला कशाला कर?"

"मला दिसतंय ते." नेलेने कप दोन्ही हातांत धरला. "पण घराला तुम्ही कोण ते कळत नाही. आत कोणी नसलं की ते ओल धरतं. तुमच्या त्या मागच्या खोलीत धरलीच आहे. आणि माझ्याकडे रोज माणसं येतात, लेकरं घेऊन, एका खोलीत सहा-सहा राहणारी. हा कर आम्हाला मिळावा म्हणून नाहीच लावलेला, मादाम. कोणीच भरू नये म्हणून आहे. एकालाही भरायला लागला नाही, तर आमचं काम झालं."

"मग तुम्हाला पगार कोण देईल?"

नेले हसली. गोडलीव्हही हसली. मग बराच वेळ ती मधल्या भिंतीकडे पाहत राहिली.

"घर द्यायचं तर कोणतं द्यायचं, ते मीच ठरवायचं ना?"

"तुम्हीच."

ओडिलोन धरून चालला होता की सोळा नंबर जाणार. साऱ्या गल्लीनेच तसं धरलं होतं. गोडलीव्हने चौदा नंबर दिलं, स्वतःचं. ओडिलोनला ते कळेना. "अगं, लोक मेलेल्याचं घर देतात आणि आपल्यात राहतात. तुझं सगळं उलटंच!"

"जन्मभर त्या बाजूने बोलले रे मी," ती म्हणाली. "आता या बाजूला बसते."

"म्हणजे काय?"

"म्हणजे ते पलंगाचं टोक धर आणि उचल."

कोट मात्र तिने उतरवला. चष्मा डब्यात घातला. खुर्ची हलवली नाही.

वसंतात चौदा नंबरात ग्युलशेन आली. बल्गेरियातली तुर्की मुलगी, नवरा मालट्रक घेऊन आठवडेच्या आठवडे बाहेर, कडेवर मेरियम नावाची तान्ही. पहिल्या दिवशी तिने शटरं एका दमात वर ओढली आणि सगळ्या खिडक्या उघडल्या. भिंतीतून आता काय काय येऊ लागलं. कांदा चिरल्याचा आवाज, फोनवरचं भांडण, मेरियमचा भोंगा. शब्द गोडलीव्हला कळत नव्हते. सूर कळत होता. जिन्याची तिसरी पायरी अजून कुरकुरायची, पण गोडलीव्ह आता मान वळवून पाहत नसे. इर्मा कुठे बसलेली असते ते तिला कळलं होतं.

एका संध्याकाळी मेरियम झोपली, भांडी घासून झाली, आणि मग पलीकडे कोणीतरी रडू लागलं. कापडात तोंड दाबून, कोणाला कळू नये असं. गोडलीव्हला त्याचा सूर ओळखीचा होता. तिने भिंतीवर टकटक करायला हात उचलला. मग तिच्या लक्षात आलं, इर्माने कधीच टकटक केलं नव्हतं. केलं असतं तर रडणाऱ्याची तेवढीही जागा गेली असती. तिने हात खाली घेतला आणि रडणं थांबेपर्यंत ती खुर्चीत बसून राहिली.

सकाळी ती बाजारातून लीक आणि सेलरी घेऊन आली. मोठं पातेलं काढलं. जायफळ किसताना तिचा हात जरा जास्तच चालला.

ग्युलशेनने दार उघडलं तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते. पातेल्याकडे आणि मग गोडलीव्हकडे बघत ती मोडक्यातोडक्या भाषेत म्हणाली, "मादाम... काल बाळ... तुम्हाला त्रास? भिंतीतून ऐकू येतं?"

"छे!" गोडलीव्ह म्हणाली. "भिंत चांगली जाड आहे. मला काही ऐकू येत नाही. सूप जरा जास्तच झालं, म्हणून आणलं."

ती घरी आली, एप्रन काढून खुंटीला लावला आणि खुर्चीत बसून मान मागे टेकली. पलीकडे झाकण निघालं. थोडा वेळ काहीच नाही. मग चमच्याचा आवाज, सावकाश, आणि बऱ्याच वेळाने पातेल्याचा तळ खरवडल्याचा.